देवदाराची उतरंड

शिरूर अनंतपाळ, ता. निलंगा, जि. लातूर
२० एप्रिल १९८३

सौ. पारूबाई विहीणबाई यांना गंगम्मा माणिकप्पाचा शरणार्थ.

सामान पोचलं. ट्रंक एक, आत लुगडी सात, त्यातलं एक अजून घडीचं. पितळी हंडा, समयांची जोडी, पोळपाट-लाटणं, शिवणाची कात्री, आरसा. आरशाचा तडा आमच्याकडचाच आहे, तो तुमच्यावर नाही. सुतळीनं तोंड बांधलेलं पोतं एक. पार्सलचे एकवीस रुपये चाळीस पैसे, उदगीरच्या स्टँडवर हमाली दोन, तिथून गाडीवानाला सहा. भाडं इकडेच भरायचं होतं, ते भरलं. एक वाटी चुकून आली आहे, तिच्यावर व्याह्यांचं नाव कोरलेलं आहे. कुणी तिकडं येणारं भेटलं की पाठवते. दुसऱ्याची वाटी घरात असली की माझं पूजेत लक्ष लागत नाही.

सोबत चिठ्ठी नव्हती. ट्रंकेचा तळ बघितला, लुगड्यांच्या घड्या मोडून बघितल्या. लेकीचं सामान परत येतं म्हणजे काय, हे कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. तरी दोन ओळी असत्या तर बरं झालं असतं.

सुमन गेली त्याला दीड महिना होत आला. पाडव्याच्या तोंडावर धोंडप्पाकाका आमच्याकडे आले, ते तुमच्याकडूनच आले असं मी धरते. तिचं लग्न जमवताना मध्ये तेच होते, म्हणून त्यांना पाट दिला, चहा केला. ते म्हणाले, "वैनी, आता रडून काय हुतंय? बसवंतचं वय ते काय! घर उघडं ऱ्हाणार हाय का त्याचं? तुमच्या कुसुमला द्या. लेकराला मावशीपरीस दुसरी आई कोन? मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई, दोन मानसांत हार घालू."

मी म्हटलं, "कुसुम अकरावीला आहे. लातूरला शिकते."

"शिकायली तर शिकू द्या की. धर्माबादला काय साळा न्हाईत?"

मी नाही म्हटलं. ह्यांनी मान वर केली नाही, म्हणजे ह्यांचंही नाहीच होतं. काका अर्धा कप चहा टाकून उठले. साखर किती दिवसांनी मिळाली होती ते त्यांना काय माहीत. त्यानंतर आठवड्यात हे सामान.

आता पोत्याबद्दल. लिहू नये असं ठरवलं होतं, पण लिहिते. सुमनच्या रुखवतावर ह्यांनी उतरंड मांडली होती, आठवत असेल. एकावर एक पाच घडे, खालचा कळशीएवढा, वरचा मुठीएवढा. गावाला वाटलं पितळेचीच. एका बाईनं टिचकी मारून बघितली तेव्हा हसू झालं. लातूरच्या तेलगिरणीत यंत्रं आली होती, त्यांची खोकी ह्यांनी विकत आणली होती. खोक्यांवर पाईन असं छापलेलं, आम्ही आपलं देवदार म्हणतो. तेव्हा पितळ घ्यायची ऐपत नव्हती म्हणून लाकडाची केली, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यावरून एक शब्द बोलला नाहीत, हेही मी विसरले नाही.

ते पाचही घडे पोत्यात फळी-फळी होऊन आले. राग होता तर माणसांवर काढायचा. लाकडानं तुमचं काय केलं होतं?

पोतं उघडून हे बसले ते उठेनातच. जेवण ठेवलं, झाकून ठेवलं.

माझं मागणं एकच आहे. नीलूला उन्हाळ्यापुरतं पाठवा. तीन वर्षांचं लेकरू, माझ्या घरी, माझ्या हातावर जन्मलेलं. मी भरवेन, न्हाऊ घालेन, पाऊस पडला की परत आणून घालेन. इथं टँकर एक दिवसाआड येतो, तिला कमी पडू देणार नाही.

पत्त्यावर आता जि. लातूर लिहायला सांगा. अजून कुणी उस्मानाबाद लिहितं, मग पत्र तिकडं फिरून येतं.

आपली,
गंगम्मा


९ मे १९८३

सौ. पारूबाई यांना शरणार्थ.

व्याह्यांचं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत. कुसुमला देत असाल तर या, नाहीतर संबंध संपला, नात आमच्या घरची आहे. अक्षर चांगलं आहे त्यांचं.

मी मात्र तुम्हालाच लिहिणार. आधी माझी पत्रं सुमन तुम्हाला वाचून दाखवायची. मधलं एखादं वाक्य ती गाळत असणार, मला माहीत होतं, म्हणून मीही तसंच लिहायची. आता कोण वाचतं? कुणीही वाचो, गाळू नये एवढंच.

कुसुम सुटीला आली आहे. कार्ड मी देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवलं होतं, ते तिनं वाचलं. मी ज्वारी निवडत होते. समोर बसली आणि म्हणाली, "अव्वा, मी जाते धर्माबादला."

मी सूप खाली ठेवलं नाही. "कशाला?"

"नीलू आज मावशी म्हणते, दोन महिन्यांनी आई म्हणंल. त्यात काय एवढं?"

"आणि दाजींना काय म्हणशील?"

ती सुपातले खडे वेचायला लागली. लग्नात ह्याच पोरीनं दाजींचे जोडे लपवले होते. त्यांच्याकडून पाच रुपये काढले, गावभर पेढे वाटले, आणि दाजी दाजी करून त्यांना पळवलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला वाटलं, तू हो म्हणावं म्हणून वाट बघायलीस." मग घागरी घेऊन टँकरच्या रांगेला गेली.

पारूबाई, खरं सांगते. एक क्षण मी वाट बघत होते. हो म्हटलं असतं तर नीलू मिळाली असती. माझ्याच लेकीच्या कडेवर, माझ्याच दारात आली असती. पण एका लेकीच्या अंथरुणावर दुसरी घालायची, हे माझ्यानं होत नाही. बसवंतराव वाईट नाहीत, सुमननं कधी गाऱ्हाणं केलं नाही. ते चांगले आहेत म्हणूनही होत नाही.

इकडचं विचाराल तर काम आहे. नवा जिल्हा झाला तशी लातूरला रोज एक कचेरी उघडते. खुर्च्या-कपाटं देवदाराच्या खोक्यांतून येतात, खोकी लिलावात जातात. त्यातलीच ह्यांनी आणली आणि आता साहेबांच्या टेबलांसाठी फुलदाण्या करतात. फुलं कुठून आणणार, ते साहेबांना विचारायचं. पिण्याला पाणी नाही आणि फुलदाण्यांची मागणी आहे, म्हणून मी हसले, तर हे रागावले.

तुम्ही आमचं काम कधी बघितलं नाही. आमच्या खरादीला, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्राला, मोटार नाही. लाकडाला दोरीचे वेढे, दोरीची दोन टोकं माझ्या हातात. मी एक टोक ओढलं की लाकूड पुढं फिरतं, दुसरं ओढलं की मागं. पुढं फिरताना ह्यांनी पटाशी टेकवायची, मागं फिरताना उचलायची. मी ओढताना पंचाक्षरी म्हणते, एका ओढीला एक नाम, म्हणजे हात सारखा चालतो. बाहेरचं अंग सोपं. आतली पोकळी अवघड. बारक्या तोंडातून वाकडी पटाशी घालायची, आत काय चाललंय ते दिसत नाही, ऐकून कळतं. देवदार मऊ, धार लागलेली समजतच नाही. भिंत पातळ झाली की आवाज बदलतो, तिथं थांबायचं. हे आजवर कधी चुकले नव्हते. ह्या महिन्यात तीन फुलदाण्या फुटल्या. मला वाटलं माझीच ओढ चुकली. चौथ्या वेळी मी मुद्दाम बघितलं. आवाज बदलला होता, मला दोरीशी ऐकू आला, आणि ह्यांचा हात थांबला नाही.

कोपऱ्यात सुमनची उतरंड पडली आहे. हे रोज त्या फळ्या लावून बघतात आणि पुन्हा सुट्या करून ठेवतात.

नीलूला पाठवा. तुम्ही स्वतः घेऊन आलात तर त्याहून चांगलं. कुसुमचा विषय निघणार नाही, माझा शब्द.

आपली,
गंगम्मा


३१ मे १९८३

पारूबाई,

हे परवा परत आले. तुमच्याकडे जातो म्हणून सांगून गेले नव्हते. लातूरला फुलदाण्या पोचवायला म्हणून गेले, आणि तिथून नांदेडची गाडी धरली. मी एक रात्र जागी. आले ते घाम पुसत सरळ खरादीवर बसले आणि म्हणाले, "ओढ."

मी ओढायला लागले. तेव्हा बोलले. हे असेच आहेत, काम चालू असलं की तोंड उघडतं. तुम्ही जे ह्यांना ओसरीवर सांगितलंत ते ह्यांनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. बरोबर ऐकलं का, ते बघा.

त्या दिवशी सकाळपासून सुमनच्या कळा चालू होत्या. नळाला चार दिवस थेंब नव्हता. व्याही मोंढ्यात मिरचीच्या लिलावाला, बसवंतराव डॉक्टरला आणायला. गल्लीत टँकर आला आणि तुम्ही एकट्या. हंडे भरले, बादल्या भरल्या, पातेली, परात, सगळं लावलं. टँकरवाला म्हणाला, अजून लावा मावशे, आता पुढच्या सोमवारी. बाळंतिणीला पाणी किती लागतं ते तुम्हाला ठाऊक. तुम्ही घरात धावत आलात, फळीवर उतरंड दिसली, ती उतरवून भरलीत.

हे म्हणाले, "विहीणबाई म्हनल्या, मला येडीला काय सुचंना. भांडं दिसलं, भरलं."

सरसानं जोडलेली होती ती. खोक्याच्या फळ्या पातळ, एका फळीतून घडा निघत नाही, म्हणून लहान लहान तुकडे सरसानं चिकटवून कडी करायची, कड्यावर कडं ठेवायचं, मग खरादीवर धरायचं. सरस जनावराच्या कातड्याचा, पाण्यात राहिला की सुटतो; मी त्याची हंडी घरात येऊ देत नाही, अंगणातल्या चुलीवर ठेवायला लावते. सुमनला मी बजावून सांगितलं होतं, यात खायचं-प्यायचं काही ठेवू नकोस, शोभेचं आहे. तिला सांगितलं होतं. तुम्हाला कोण सांगणार?

दुपारी सुईणीनं पाणी मागितलं तेव्हा घडे उकललेले आणि ओसरी ओली. त्या पाण्यानं ती वाचली असती असं नाही. डॉक्टर आला तेव्हा उशीर झालेलाच होता, बाळही गेलेलं होतं. हंड्यांतलं पाणी होतंच की. हे ह्यांनी तुम्हाला सांगितलं, मीही सांगते, आणि तुम्ही ते मानत नाही हेही मला कळतं.

इथं हे थांबले. दोरी माझ्या हातात तशीच. म्हणाले, "दिसायला केली. धरायला केली न्हाई मी. पोरीला द्यायचं भांडं, अन् पानी धरंना."

मी म्हटलं, "ओढू का?" म्हणाले, "ओढ."

पोतं मी रागानं उघडलं होतं म्हणून तेव्हा बघितलं नाही. काल पुन्हा बघितलं. एकेका घड्याच्या फळ्या वेगळ्या, एकेक जुडी चिंधीनं बांधलेली. एकही तुकडा कमी नाही, कुठं चिखलाचा डाग नाही. एवढ्या पाण्याच्या टंचाईत तुम्ही त्या धुतल्या आणि सावलीत वाळवल्या. मी पहिल्या पत्रात जे लिहिलं ते खोडता आलं तर खोडा.

आता नीलूचं. हे म्हणाले ती आधी तुमच्या पदराआड लपली. मग येऊन ह्यांच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, "आप्पा, माझी आई कवा पाठवता?" ह्यांना कळेना. तुम्ही सांगितलंत, ट्रंक गाडीवर चढवताना तिनं बघितलं, तेव्हापासून तिला वाटतं आई ट्रंकेबरोबर आजोळी गेली. रोज स्टँडच्या रस्त्याकडं तोंड करून जेवते.

मी उन्हाळ्यापुरती पाठवा म्हणून लिहीत होते. ती इथं येईल, प्रत्येक खोलीत डोकावेल, परसात जाईल, ट्रंक ओळखेल. मग मी काय सांगू?

पाठवू नका. मीच येते. कधी येऊ ते सांगा, व्याह्यांना विचारून.

शेजारच्या मास्तरीणबाई पत्र वाचून दाखवतात असं समजलं. त्यांना माझा नमस्कार. पहिली दोन्ही पत्रं त्यांनीच वाचली असतील तर त्यांना मी कशी बाई वाटले असेन!

गंगम्मा


१६ जून १९८३

सौ. पारूबाई यांना शरणार्थ.

तुमचं उत्तर आलं नाही, धोंडप्पाकाका आले. या वेळी चहा पूर्ण प्यायले. बसवंतरावांचं देगलूरकडं ठरलं, आषाढाच्या आत उरकायचं म्हणतात. मुलगी गरिबाघरची आहे, आई नाही, मामानं वाढवलेली. मी विचारलं, "नीलूला भेटायला मी कधी जाऊ?"

काका पान जुळवत म्हणाले, "वैनी, आता कसं हाय, व्याह्यांचं म्हननं असं की नवी सून घरात यायली, तिच्यासमोर जुने सोयरे नकोत. तिच्या डोळ्यात सलणार, लेकरू बी मधल्यामधी लोंबकळणार. तुम्ही आता मन आवरा."

"मी लेकराची आजी आहे."

"हाव की. कोन न्हाई म्हनतंय? पर नात्याला दार लागतं वैनी. दार कोनतं हाय आता?"

बोलले ते वाईट हेतूनं नाही. म्हणूनच ते लागलं.

काका गेल्यावर मी लिंगपूजेला बसले आणि तीन वेळा विभूती लावायची विसरले. पूजा अर्धी टाकून उठले. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. हे खरादीवर होते. मला बघून म्हणाले, "लुगडं कोन नेसवनार?"

"कुणाला?"

"त्या पोरीला. देगलूरच्या."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा अंगाची आग झाली. आपल्यात रीत आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. लेक मेली आणि जावयानं दुसरी केली, तर पहिलीच्या आईबापानं त्या नवीला लेक मानायचं. मांडवात पहिलं लुगडं त्यांनी नेसवायचं, ओटी भरायची. मग ती त्यांच्याही घरी माहेरपणाला येते, आणि तेही तिच्या दारी जाऊ शकतात. माझ्या चुलत सासूनं केलं होतं. मी तेव्हा नवी सून होते, ताट धरून मागं उभी होते, आणि मनात म्हटलं होतं, ही बाई दगडाची आहे.

मी ह्यांना म्हटलं, "माझी सुमन जिथं निजली तिथं ती निजणार, आणि मी तिची ओटी भरू?"

"नको भरूस."

"मग विचारलं कशाला?"

"न्हाई भरली तर नीलूला उद्या काय सांगशील? तू कोनाची कोन?" मग पटाशीची धार अंगठ्यानं बघत म्हणाले, "त्या पोरीला बी माय न्हाई म्हनतेत."

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. दोरी ओढली, बोलले नाही. कुसुम लातूरला निघाली तिला स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढता चढता ती म्हणाली, "अव्वा, तू मला नाही दिलंस, ते बरं केलंस. पण मग ती देगलूरचीही कोणाची तरी कुसुमच आहे की." गाडी सुटली. ही पोर कुणावर गेली कळत नाही.

तर पारूबाई, मी येते. लग्नाला येते, मागच्या दारानं नाही. व्याह्यांना सांगा, माणिकप्पा आणि गंगम्मा नव्या सुनेला लेक मानायला येणार आहेत. रीत त्यांच्याही वडिलांच्या वेळेपासूनची आहे, तिला ते नाही म्हणणार नाहीत. ट्रंकेतलं घडीचं लुगडं मी नेसवणार नाही. ते सुमनचं आहे आणि मेलेलीचं नेसवून मी त्या मुलीची सुरुवात करणार नाही. नवीन घेईन. सुताचं असेल, पण नवीन. तिच्या वाटणीचं माहेरपण मी करीन. पहिलं बाळंतपण माझ्या घरी. हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं.

मांडवात रडणार नाही असा शब्द देत नाही. नेसवून झाल्यावर रडेन, तेवढं सांभाळून घ्या.

आणि नीलूला तुम्ही आधी काही सांगू नका. आई कुठं आहे ते मी आल्यावर तिला मांडीवर घेऊन सांगेन. ते काम आजोळचं आहे. तुम्ही जवळ बसा, म्हणजे झालं.

एक अडचण आहे. काकांना मी त्या मुलीचं नाव विचारायचं विसरले, किंवा मला ते ऐकायचं नव्हतं. रोज पूजेत मी सुमन, कुसुम, नीलू अशी तीन नावं घेते आणि मग विभूती लावते. आता चौथं घ्यावं लागेल. तिला आधी विचारा, मी लेक म्हटलेलं तिला चालेल का. नको म्हणाली तरी वाईट वाटून घेणार नाही. पण तिचं नाव उलट टपाली कळवा. मी वाट बघते.

आपली,
गंगम्मा